पंचांग पाहून ठरवलेलं मासळीचं जेवण

घरी बारा माणसं जेवायला यायची आहेत, बेत मासळीचा आहे आणि गाव डहाणू आहे, तर तारीख ठरवण्याआधी तिथी पाहावी. कॅलेंडरात तारखेच्या खाली बारीक अक्षरात छापलेली द्वितीया, षष्ठी नाहीतर अष्टमी त्या दिवशी ताटात काय पडणार, ते किती ताजं असणार आणि ते आणायला घरातून किती वाजता निघायचं, हे बऱ्याच अंशी ठरवते. चंद्र पृथ्वीपासून पावणेचार लाख किलोमीटरहून जास्त दूर आहे. तरीही डहाणूच्या मासळी बाजारातल्या टोपलीत बोंबील किती आणि मांदेली किती, यात त्याचा हात असतो. हे जितकं खोलात समजून घ्यावं तितकं ते अधिक अद्भुत वाटत जातं.

किनाऱ्यावरच्या माणसांकडे भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पूर्ण भरती साडेचारच्या सुमारास, पहाटेही आणि संध्याकाळीही. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. गाव बदललं की थोडा फरक पडतो, पण अंदाज चुकत नाही. यामागचं गणित असं. एका तिथीत चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकतो. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं आणि दिवस २४ तासांचा, तेव्हा बारा अंश म्हणजे ४८ मिनिटं. तेवढा उशीर चंद्राला माथ्यावर यायला रोज होतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते. पाऊणपट केली की ४८ ऐवजी ४५ मिनिटं धरली जातात, तिथीमागे फक्त तीन मिनिटांची सूट. होडी पाण्यात लोटणाऱ्या माणसाला तोंडी करता येईल असा हिशेब हवा होता, आणि ज्यांनी तो बसवला त्यांनी आकाशातल्या गतीला तीन मिनिटांपर्यंत गाठलं होतं.

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि उधाण येतं. अष्टमीच्या आसपास त्या दोन ओढी काटकोनात पडतात, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. तो भांग. उधाणाचा खरा जोर पौर्णिमेच्या दिवशीच नव्हे तर त्यानंतर एक-दोन दिवसांनी दिसतो, कारण एवढ्या पाण्याला त्या ओढीला जाब द्यायला वेळ लागतो.

हे सगळ्या किनाऱ्यांवर होतं, पण डहाणूला ते जास्त होतं. गोव्यात उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक दोन-अडीच मीटरचा असतो. उत्तरेकडे यावं तसा तो वाढत जातो. मुंबईत तो पाच मीटरच्या घरात जातो आणि खंबातच्या आखातात, भावनगरला, दहा मीटर ओलांडतो. या पट्ट्यात समुद्राचा तळ शेकडो किलोमीटर उथळ आहे, आणि पुढे आखात निमुळतं होत गेल्यामुळे पाण्याला वर चढण्यावाचून जागा उरत नाही. डहाणू त्या आखाताच्या तोंडाशी बसलं आहे. म्हणूनच इथे ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की नवख्या माणसाला तो कुठे गेला असा प्रश्न पडतो. नर्मदा आणि तापी आपला गाळ याच पाण्यात आणून सोडतात. पाणी गढूळ दिसतं, पण त्या गढूळपणातच सूक्ष्म जिवांचं अन्न भरलेलं असतं.

या धावत्या पाण्यावर चालणारं जाळं म्हणजे डोल. ती एक लांबच लांब पिशवी असते. तोंड रुंद आणि वीण मोठी, शेपटाकडे निमुळती होत वीण अगदी बारीक. काही डोली पन्नास मीटरपर्यंत लांब असतात. ती ओढत नेत नाहीत. समुद्राच्या तळाशी घट्ट धरून, तोंड प्रवाहाकडे करून ती लावून ठेवायची आणि पाणीच मासळी आत ढकलतं. डोल बांधण्यासाठी समुद्रात कवी मारतात, म्हणजे खांब रोवतात, आणि कुठली कव कोणाची यावरून गावागावांत पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत आले आहेत. पाण्याची दिशा पालटण्याआधी डोल उचलावीच लागते, नाहीतर आत आलेलं सगळं आल्या वाटेने परत जाईल. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोरात असतो, डोल भरते. भांगाच्या दिवसांत पाणी संथ असतं, डोल ढिली पडते, आणि बरेच जण ते दिवस जाळी दुरुस्त करण्यात घालवतात.

म्हणून बेत ठरवताना पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे दोन-चार दिवस धरावेत. त्यातही पौर्णिमेनंतरची चतुर्थी ही संकष्टी, ती ज्यांच्याकडे पाळतात त्यांना तो दिवस सोडावा लागतो. सोमवार, गुरुवार बऱ्याच घरांत वर्ज्य. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मासळीचे वार. वार आणि तिथी जुळवत बसलं की महिन्यात मोजकेच दिवस उरतात. त्यातला एक पकडावा आणि मग पाहुण्यांना सांगावं. पाहुण्यांची सोय आधी पाहून मग बाजारात जाण्यापेक्षा हा क्रम मला अधिक योग्य वाटतो, कारण समुद्राला आपल्या सुट्टीची खबर नसते.

आता निघायची वेळ. इथली बंदरं म्हणजे बहुतेक खाड्यांची तोंडं. डहाणूची खाडी घ्या, नाहीतर उत्तरेला झाई. ओहोटीला त्यांत चिखल उघडा पडतो आणि होड्या कलून बसतात. होडी आत येणार ती चढत्या पाण्यावरच. म्हणजे पाऊणपटीचा तोच हिशेब बाजाराचं घड्याळही होतो. षष्ठीला पहाटे साडेचारच्या भरतीला होड्या आत आल्या की सकाळी सहा-सातला बाजारात मासळी पोचलेली असते. द्वितीयेला भरती दीडची. तेव्हा सकाळी जे दिसतं ते रात्रीच्या भरतीचं, आणि दुपारी ज्याला थांबता येतं त्याला नुकतं उतरलेलं मिळतं. मोठ्या होड्या कित्येक दिवस समुद्रात राहून बर्फातला माल आणतात, त्यांना हा हिशेब एवढा लागू नाही. म्हणून विचारायचा पहिला प्रश्न भावाचा नसतो. "ताई, आजचा आहे की बर्फातला?" बऱ्याच जणी खरं ते सांगतात. शंका वाटली तर "हात लावून बघ" असं म्हणून टोपलीच पुढे सरकवतात. तपासायचं ते हातानेच. डोळा फुगलेला आणि पारदर्शक, कल्ले लालभडक, बोटाने दाबलेलं मांस लगेच वर येणारं, आणि वास मासळीचा नव्हे तर समुद्राचा.

हा वासाचा भाग रसायनशास्त्रात शिरल्यावर फार सुंदर उलगडतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. अशा पाण्यात राहणारा मासा आपल्या स्नायूंमध्ये ट्रायमिथिलअमाईन ऑक्साईड नावाचं एक द्रव्य साठवून ठेवतो. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. मासा मेला की जिवाणू त्याच्यातला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरतं ट्रायमिथिलअमाईन, जे नाकाला लगेच कळतं. म्हणजे ज्याला आपण मासळीचा वास म्हणतो तो माशाचा नसून गेलेल्या वेळेचा आहे. चिंच, कोकम, कैरी, लिंबू यांतलं आम्ल या द्रव्याला पकडून त्याचं न उडणाऱ्या क्षारात रूपांतर करतं. किनाऱ्यावरच्या प्रत्येक कालवणात आंबट काहीतरी का असतं, याचं एक उत्तर चवीत आहे आणि दुसरं इथे. शेजारच्या तलासरी तालुक्यातल्या कुर्झे धरणातल्या किंवा ओढ्यातल्या गोड्या पाण्याच्या माशाला हा वास फारसा येत नाही, त्याला मातीचा वास येतो. त्याच्या अंगात ते द्रव्य फार थोडं असतं.

उलट बाजूने कोळंबीकडे पाहा. खाऱ्या पाण्यात तग धरण्यासाठी ती आपल्या पेशींत अमिनो आम्लं साठवते. त्यांतलं एक ग्लायसीन, जे जिभेला चक्क गोड लागतं. पाणी जितकं खारं तितकी कोळंबी गोड. म्हणूनच समुद्राच्या कोळंबीला गोड्या पाण्याची कोळंबी चवीत गाठू शकत नाही.

बोंबील मात्र सवडीने सांगावा असा आहे. बाजारात तो ओला, पांढुरका, गुळगुळीत पसरलेला असतो आणि नवख्याला वाटतं की हा नरम पडला आहे. तो तसाच असतो. त्याच्या अंगात जवळजवळ ८५ ते ९० टक्के पाणी असतं. त्याचं खानदान पाहिलं तर आश्चर्य वाटतं, कारण ज्या गणात तो मोडतो त्यातले पुष्कळ मासे खोल, अंधाऱ्या समुद्रात राहणारे आहेत. हा मात्र उथळ, गढूळ, भरती-ओहोटीच्या पाण्यात येऊन वसला. मऊ अंगामुळे त्याला गरीब समजू नये. त्याच्या जबड्यात सुईसारखे दात असतात आणि तो पक्का शिकारी आहे, प्रसंगी आपल्याच पिल्लांना खाणारा. भारताच्या किनाऱ्यावर त्याची वस्ती सलग नाही. महाराष्ट्राचा उत्तर भाग आणि गुजरात इथे तो अमाप आहे, दक्षिणेकडे जावं तसा विरळ होत जवळजवळ नाहीसा होतो, आणि मग एकदम बंगालच्या बाजूला पुन्हा भेटतो. नद्यांचा गाळ आणि जोराची भरती-ओहोटी जिथे एकत्र आहेत, तिथे बोंबील.

तो खातो काय, तर जवळा, करंदी, मांदेली. आणि डोलीत बोंबलाबरोबर निघतं काय, तर जवळा, करंदी, मांदेली, शिवाय वाकट्या आणि ढोमे. शिकारी आणि शिकार एकाच जाळ्यात, एकाच टोपलीत, आणि आपण ठरवलं तर एकाच ताटात. ओले बोंबील तळलेले, मांदेली कुरकुरीत, जवळ्याचं कैरी घातलेलं सुकं. एवढ्या तीन पदार्थांत या समुद्राची अर्धी अन्नसाखळी वाढून होते. बारा माणसांच्या जेवणाचा कणा हाच असावा असं माझं ठाम मत आहे. हे मासे भराभर वाढतात, लवकर पिढी धरतात, आणि पापलेटापेक्षा कितीतरी स्वस्त मिळतात.

पापलेट घ्यायचंच नाही असं नाही. २०२३ साली महाराष्ट्राने रुपेरी पापलेटाला राज्य मासा म्हणून मान दिला, आणि ती मागणी याच जिल्ह्यातल्या सातपाटीच्या मच्छीमारांनी लावून धरली होती. मागणीमागे अभिमान होता तसा घोरही होता, कारण पापलेट कमी होत चाललं आहे आणि अंगठ्याएवढी पिल्लंसुद्धा जाळ्यात सापडून विकली जातात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने ५४ प्रजातींची किमान लांबी ठरवून दिली. रुपेरी पापलेट १३५ मिलीमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. त्याहून लहान मासा पकडणं हा नियमभंग. माझ्या मते घरच्या बाजारहाटात हे आकडे पाठ असावेत. पापलेटाचे साडेतेरा सेंटीमीटर हे कायद्याचं किमान आहे. त्याहून चांगलं मोठं मिळालं तर घ्यावं, आणि चिंगुळं वाट्याने स्वस्त लावून दिलेलं दिसलं तर पुढच्या टोपलीकडे जावं. विकणारीला कारणही सांगावं. तिलाही पुढच्या वर्षी पापलेट विकायचंच आहे.

समुद्राची मासळी झाली की खाडी उरते, आणि खाडीला विसरून डहाणूचं जेवण पूर्ण होत नाही. तिवरांच्या मुळांतून निवट्या येतात. पाण्याबाहेर चिखलावर उड्या मारत फिरणारा, त्वचेतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवेतला ऑक्सिजन घेणारा मासा. ओहोटीला खाडीकाठी उभं राहिलं तर तो दिसतो, आणि कधीकाळी मासे जमिनीवर कसे आले असतील ते एका नजरेत समजतं. बाजारात निवट्या जिवंत असतात, त्यांचा ताजेपणा वेगळा तपासावा लागत नाही.

चिंबोरीची पारख मात्र शिकावी लागते. अमावास्येच्या चिंबोऱ्या भरलेल्या आणि पौर्णिमेच्या पोकळ, असं किनाऱ्यावर सगळीकडे मानतात. मी तिथीपेक्षा वजनावर जास्त भरवसा ठेवेन. चिंबोरी वाढते तेव्हा जुनं कवच टाकते, आत पाणी भरून फुगते आणि नवं कवच त्या फुगीर मापाने घट्ट होतं. मग ती जागा मांसाने भरायला वेळ लागतो. अशी चिंबोरी दिसायला मोठी आणि हाताला हलकी. दोन सारख्या आकाराच्या चिंबोऱ्या दोन हातांत घ्याव्यात आणि जड असेल ती ठेवावी. पोटावरची झडप अरुंद त्रिकोणी असेल तो नर, रुंद गोलसर असेल ती मादी. झडपेखाली अंड्यांचा पुंजका दिसला तर ती घेऊ नये, त्या पुंजक्यात लाखो अंडी असतात.

आणि कालवं. उधाणाच्या ओहोटीला पाणी नेहमीपेक्षा खोल उतरतं आणि एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. त्या दोन-तीन तासांत बायका ती फोडून आतलं मांस काढतात. म्हणजे ज्या तिथीला डोल भरते त्याच तिथीला कालवंही चांगली मिळतात. वरोर-वाढवणच्या बाजूचा खडकाळ किनारा यासाठी, आणि शेवंडीसाठी, मोलाचा आहे. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने याच वाढवणला महाबंदर मंजूर केलं आणि ३० ऑगस्टला त्याची पायाभरणी झाली. मच्छीमार गावं त्याला वर्षानुवर्षं विरोध करत आली आहेत. ज्या बाईची रोजी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकावर आहे, तिचा प्रश्न मला कुठल्याही मालवाहू जहाजाच्या आकाराहून लहान वाटत नाही.

आता मापं. बोंबील माणशी तीन धरले तर छत्तीस, मध्यम आकाराचे सुमारे तीन किलो. कोळंबी सालासकट दीड किलो, सोलून पाऊण किलोच्या आसपास उरते. सालं-डोकी टाकू नयेत, ती उकळून गाळलेलं पाणी कालवणात घालावं. मांदेली एक किलो. चिंबोऱ्या सहा ते आठ, त्या रश्श्यासाठी. कालवणाला ढोमे दीड किलो. पापलेट परवडेल तेवढं, नाहीतर नाही. जवळा पाव किलो सुका चालतो. तांदूळ सव्वा किलो आणि तांदळाच्या भाकऱ्या माणशी दोन. ओलं खोबरं, लसूण, मिरची, कोथिंबीर, चिंच, कैरीचे दिवस असतील तर कैरी. गोडाला वेगळं काही करायची गरज नाही, कारण घोलवडचे चिकू आहेत. २०१६ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याआधीही ते असेच होते.

बर्फ विसरू नये. एक किलो बर्फ वितळताना एवढी उष्णता ओढून घेतो, की तेवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी ८० अंशांनी तापलं असतं. म्हणून डबा थंड असण्यापेक्षा डब्यात वितळता बर्फ असणं महत्त्वाचं. मासळीच्या वजनाएवढा बर्फ, एक थर मासळी, एक थर बर्फ, आणि खाली पाणी निथळायला जागा. डहाणू रोडहून विरारकडे लोकलने मासळी नेणाऱ्या बायका हे शास्त्र रोज वापरतात.

तलासरी म्हटलं की डोंगर, साग आणि वारली पाडे डोळ्यांपुढे येतात. पण झाई हे महाराष्ट्राच्या किनाऱ्याचं उत्तर टोक तलासरी तालुक्यातच आहे. एकाच तालुक्यात समुद्र आहे आणि ज्यांच्या घरी ताजा समुद्री मासा रोज पोचत नाही असे पाडेही आहेत. त्यांना जोडतं ते सुकं. किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या उभ्या असतात आणि त्यांवर बोंबील जोडीजोडीने वाळत असतात. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा, बस्स. शिकारीसाठी घडलेले ते वाकडे दात इथे आकड्याचं काम करतात. मीठ लागत नाही, ऊन आणि वारा पुरतो. दहा किलो ओल्या बोंबलातून जेमतेम सव्वा-दीड किलो सुकं हाती लागतं, कारण बाकीचं सगळं पाणीच होतं. हे सुकं आठवडे बाजारांतून डोंगरात चढतं आणि पावसाळाभर पुरतं. उत्तरेकडे पारशी स्वयंपाकघरातही ते पोचलं. सुक्या बोंबलाच्या आंबट-गोड-तिखट पदार्थाला पारशी लोक तारापोरी पातियो म्हणतात, आणि तारापूर इथून जवळच आहे.

पाड्यांना मासेमारी परकी नाही. वारली चित्रकलेला जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे तलासरी तालुक्यात जन्मले आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडला राहिले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या गाजलेल्या चित्रांत मासेमारीचं जाळं पुन्हा पुन्हा येतं, जवळजवळ सगळी चौकट व्यापून टाकणारं. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यांतून वर चढणारे चढणीचे मासे, भातखाचरांतले खेकडे, हे इथलं हंगामी अन्न आहे.

तुमचा बेत जून-जुलैत आला तर हेच कामी येतं. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, कारण पुष्कळ मासे तेव्हा अंडी घालतात आणि समुद्रही खवळलेला असतो. अशा वेळी जेवण सुक्यावर उभं करावं. निखाऱ्यावर भाजून कुटलेल्या बोंबलाची चटणी, सोड्यांचा भात, सुकट घातलेलं वांगं, जोडीला खेकड्यांचा रस्सा. चढणीचे मासे चवीपुरते घ्यावेत, पोटात गाबोळी घेऊनच ते वर निघालेले असतात.

स्वयंपाकाला लागताना बोंबील सर्वांत आधी साफ करावेत आणि तळावेत सर्वांत शेवटी. डोकं उडवायचं, पोट साफ करायचं, उभी चीर देऊन काटा काढायचा, मीठ-हळद लावायची आणि दोन फडक्यांमध्ये ठेवून वर पाटा ठेवायचा. मीठ आतलं पाणी ओढून बाहेर आणतं आणि पाट्याचं वजन ते निथळवतं. तासाभरात थाळी पाण्याने भरते. मग तांदळाच्या पिठात घोळवून तापलेल्या तव्यावर. तेल कमी तापलेलं असेल तर उरलेलं पाणी वाफ होऊन उडत नाही आणि बोंबील शिजून मोडतो. जेवणारे बसल्यावरच एकेक घाणा काढावा आणि तव्यावरून थेट ताटात वाढावा.

कालवणाचं उलट आहे, ते आधी होऊन थोडं मुरलेलं बरं. रस्सा उकळून घ्यावा, चिंच घालावी, आणि मासळी अगदी शेवटी सोडावी. बकऱ्याच्या मांसाला तासभर लागतो तिथे माशाला काही मिनिटं पुरतात. माशाला अंगाचं वजन पेलायला पाणी असतं, म्हणून त्याच्या स्नायूंना बांधणारी ऊती थोडी आणि नाजूक असते, आणि पन्नास-साठ अंशांतच ती विरघळते. याच कारणाने मासळी पडल्यावर टोपात पळी घालू नये. दोन्ही हातांनी टोप धरून गोल हलवावा. चिंबोऱ्या शिजल्या की हिरवट-तपकिरी रंग जाऊन एकदम केशरी होतात. तो रंग त्यांच्यात आधीपासून होता. अस्टाझँथिन नावाचं ते रंगद्रव्य कवचातल्या एका प्रथिनाने धरून ठेवलेलं असतं. आच लागली की प्रथिन सैल पडतं आणि रंग मोकळा होतो.

ढोम्यांच्या मुंड्या कालवणातून काढू नयेत, आणि घरात मुलं असतील तर मुंड्या त्यांच्या ताटात वाढाव्यात. ढोमा आणि त्याचा थोरला भाऊबंद घोळ, दोघेही पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून पाण्याखाली घुमणारा आवाज काढतात. या कुळाच्या डोक्यात कानाशी दोन पांढरे टणक खडे असतात, इतर माशांच्या मानाने चांगलेच मोठे. त्यांच्यावर मासा आपला तोल राखतो आणि आवाजही ऐकतो. मासा वाढतो तसा खडाही थर चढवत वाढतो, आणि मत्स्यशास्त्रज्ञ तो घासून, सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्याच्या कड्यांवरून माशाचं वय सांगतात. कवटी हलक्या हाताने फोडली की दोन्ही खडे सापडतात. ते साध्या पाण्यात धुवावेत. ताटात उरलेल्या चिंचेच्या रश्श्यात किंवा लिंबाच्या पाण्यात टाकून ठेवू नयेत, कारण ते कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि आंबटात झिजतात.